संगणकातील सुटलेली तार
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. संगणकावर बोलावयास मला उभे केले ते मंडळाचा संगणक मी उघडला म्हणून. तेव्हा पाहिले तेवढेच सांगते.

दिवाळीपूर्वी आपल्या खोलीला रंग दिला, तेव्हा कपाटाबरोबर संगणकही हलवला. पुन्हा लावला, तर पंखा फिरे, पडदा उजळे, पण काळ्या पडद्यावर चार इंग्रजी शब्द उमटून गाडी तेथेच अडे. चिटणीसबाईंच्या कन्येने ते वाचले. डिस्क सापडत नाही, असा त्यांचा अर्थ. दुरुस्तीवाल्याने टेलिफोनवरच सांगितले, डिस्क गेली, नवी घाला, आतला हिशेब विसरा. बचतगटाचे हप्ते आणि फराळाच्या साऱ्या ऑर्डरी त्यात! नाडी न पाहता औषध देणारा वैद्य मला कधीच पटला नाही.

शिवणयंत्राचे चाक फिरते, सुई खालीवर होते, पण टाका पडत नाही; तेव्हा आपण यंत्र भंगारात देतो का? आधी दोरा पाहतो. येथेही पंखा फिरतो म्हणजे वीज येते आहे, पडदा उजळतो म्हणजे त्याची तार शाबूत आहे. उरली डिस्ककडे जाणारी वाट.

तुम्ही म्हणाल, शॉक बसला तर? म्हणून आधी बटण बंद करून भिंतीतला प्लग उपटला. मग संगणकाचे बटण एकदा दाबून धरले, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डबा आडवा ठेवून मागचे दोन स्क्रू काढले व बाजूचा पत्रा सरकवला. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा. आपल्या नायलॉनच्या साड्यांतली वीज नाजूक भागांना बाधते. मात्र मागची तार ज्या पेटीत जाते, ती पेटी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

आत धूळ इतकी, की आपल्या झाडलोटीची लाज वाटावी! ती कोरड्या ब्रशाने हलकेच झाडली.

डिस्कला दोन तारा असतात. रुंद टोकाची त्या पेटीतून येते व वीज आणते. दुसरी अरुंद, चपटी, मुख्य पाटीवरून येते; हिशेब ये-जा करतो तो हिच्यातून. आपली हीच तार डिस्कच्या बाजूने तिरपी होऊन अर्धी बाहेर आली होती. टोकाची खाच काटकोनी असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. उलटी लागली तर जोर करू नये, फिरवून पाहावी. मी ती काढून सरळ दाबली, तशी टक् असा आवाज झाला. दुसरे टोक आणि वीजेची तारही चाचपून घेतली.

पत्रा लावला, प्लग लावला, बटण दाबले. चकलीच्या ऑर्डरींची यादी जशीच्या तशी पडद्यावर! खजिनदारबाईंनी चहाही होऊ दिला नाही. आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. तो आता त्यांच्या घरच्या कपाटात असतो.