एकाच भट्टीसमोरचे दोघे



मराठीत बोलायची मुभा दिलीत, आभारी आहे. नागपूर-भंडारा-गोंदियाकडची कितीतरी घरं याच हावडा मार्गाने येऊन दुर्ग-भिलाईत स्थिरावली, तेव्हा या सभागृहात मराठी कानांची वाण नसावी. समाजशास्त्राच्या माणसाला बोलावलंत, आता तो वर्गाबद्दल बोलणारच! आणि या विषयातले सिद्धांत घासून पाहायला भिलाईसारखी जागा देशात क्वचितच सापडेल.

मार्क्सची मोजपट्टी आधी लावू. ज्याच्याकडे उत्पादनाची साधनं तो एक वर्ग, ज्याच्याकडे फक्त श्रम तो दुसरा. भिलाईत ही पट्टी अडखळते. 2 फेब्रुवारी 1955 ला इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. कारखान्याचा मालक सरकार, म्हणजे कागदोपत्री तुम्ही-आम्ही. शेठजीच नाही म्हटल्यावर विषमता कुठून येणार, असं तेव्हा अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

ती आली, आणि कामगारांच्या मधूनच आली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी 1993 पासून इथल्या वस्त्यांत येऊन-जाऊन राहिले आणि 2020 मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा जाडजूड ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : भिलाईतली सर्वांत खोल दरी प्लांटमधला पर्मनंट कामगार आणि ठेक्यावरचा मजूर यांच्यामध्ये आहे. पहिल्याला क्वार्टर, दवाखाना, शाळा, निवृत्तीनंतरची पुंजी. दुसऱ्याला दिवसाची मजुरी, तीही ठेका टिकला तर. पगारात कित्येक पटींचा फरक, आणि जास्त उष्ण, जास्त धोक्याचं काम बहुतेकदा दुसऱ्याच्याच वाट्याला. पहिला स्वतःला मध्यमवर्गीय समजतो. दुसऱ्याला तो ‘लेबर’ म्हणतो.

या दरीचा आरंभ मोठा विचित्र आहे. प्लांट उभा राहताना ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथले छत्तीसगढी शेतकरी सुरुवातीला नोकरीकडे फारसे फिरकले नाहीत. भट्टी आणि पूल माणसांचा बळी मागतात, अशा अफवा गावोगाव होत्या. शेती सोडून भोंग्यावर जगायचं कशाला, हाही विचार होता. नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर परप्रांतीयांनी धरल्या. स्थानिकांना त्या नोकरीची किंमत कळेपर्यंत दार अरुंद होत चाललं होतं. ऐंशीच्या दशकात खाणींसह साठ हजारांच्या घरात असलेली पर्मनंट संख्या नंतर निम्म्याहून खाली आली आणि रिकाम्या जागी ठेक्याची माणसं उभी राहिली.

प्लांटला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या लोहखाणींत 1977 मध्ये जे घडलं ते आमच्या वर्गसिद्धांताच्या पाठ्यपुस्तकात हवं होतं, पण नाही. मान्यताप्राप्त युनियननी बोनसचा करार केला : पर्मनंटला 308 रुपये, ठेका मजुराला 70. दगड तोच, घाम तोच. मजूर त्या युनियन सोडून बाहेर पडले आणि कामगार नेते शंकर गुहा नियोगींबरोबर त्यांनी स्वतःची संघटना काढली. त्याच वर्षी जूनमध्ये या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तरी त्याच मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून 1983 मध्ये शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. पुढे भिलाईतल्या खासगी कारखान्यांच्या ठेका मजुरांना संघटित करत असताना, 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, नियोगींची झोपेत हत्या झाली. 1 जुलै 1992 ला भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्टेशनवर रुळांवर बसलेल्या त्यांच्या संघटनेच्या मजुरांवर गोळीबार झाला आणि माणसं मेली. प्लांटमधला पर्मनंट कामगार या लढ्यापासून बव्हंशी लांबच राहिला. मला भिलाईच्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर इथे मार्क्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ज्या स्थानांमध्ये माणसं, त्यांची पोरं सहज ये-जा करतात, तो एक सामाजिक वर्ग, असं त्याने सुचवलं. पर्मनंटचा मुलगा इंग्रजी शाळेत, मग कोटा शहराच्या तोडीच्या शिकवणीत, मग इंजिनिअरिंगला. ठेका मजुराचा मुलगा बहुतेकदा ठेक्यावरच. ये-जा थांबली की वर्ग पक्का झाला समजावं. संधी आपल्याच लोकांपुरती राखून ठेवणाऱ्या या बंदोबस्ताकडे वेबरने बोट दाखवलं होतं, आणि तो बंदोबस्त फक्त मालकच करतात असं नाही.

आपल्याकडे हे बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच ओळखलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगारांना विटाळ होई. मालक गप्प होता, अडवत होता तो शेजारचा कामगार. 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीला श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटलं. आणि फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत असं सांगितलं. इथे चरोद्याच्या रेल्वे यार्डात ज्यांचे वडील वा आजोबा राबले, त्यांनी ते भाषण मिळवून वाचावं. नुसत्या मार्क्सवर विसंबणाऱ्या आमच्या पिढीने ते फार उशिरा वाचलं.

आता आज पदवी घेणाऱ्या तुमच्याकडे वळतो. तुमच्यातले काही जण सुपरवायझर होतील, काही हिशेब खात्यात बसतील, काही स्वतः ठेके घेतील. अनेकांना पदवी असूनही ठेक्यावरच उभं राहावं लागेल, हे आजच्या समारंभात बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, असं 1970 च्या ठेका कामगार कायद्याने सांगितलं. 2020 च्या कामगार संहितेनेही ती तरतूद ठेवली आहे. ठेकेदाराच्या बिलावर सही करायची वेळ तुमच्यावर येईल, तेव्हा त्याच्या मजुरांना पुरती मजुरी मिळाली का आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला गेला का, हे स्वतः विचारा. आणि युनियनमध्ये गेलात, तर ठेक्यावरच्या माणसाला सभासद करून घ्या.