नहरींच्या शहरात चार दिवस



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे; आधी जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकांवर आणि पुढे नगरपालिकांच्या कंत्राटी कामगारांत. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराचा घाम पुसून येथे येऊन बसलेल्या मंडळींपुढे कलमे वाचणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी आज एका सहलीची हकीकत सांगणार आहे. मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. तेव्हा इतिहासाच्या जाणकारांनी माझे बोलणे फार बारीक काट्यावर तोलू नये, एवढी विनंती आहे.

सहलीचे मूळ आमच्या घरच्या एका भांडणात आहे. मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीच्या पुढे गेलेला. आणि या दोघांना मी आजवर पंढरपूर सोडले तर काही दाखविले नव्हते. एका रात्री सभेहून उशिरा परतलो. ताट वाढता वाढता आमचे कुटुंब म्हणाले, "दुसऱ्याच्या सुट्टीसाठी जलमभर भांडले तुम्ही. आपली सुट्टी कधी व्हते जी?" या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. फाटकावरच्या सभेत मी कोणाला निरुत्तर होऊ देत नाही. पण त्या रात्री मी मुकाट्याने जेवलो.

रविवारची सुटी आपल्याला आज सूर्य उगवावा तशी आपोआप आलेली वाटते. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जी मागणी केली, तीत आठवड्याची एक सुटी होती. आणि ती मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात दोनशे चाळीस दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. हे सारे मला पाठ आहे. परंतु ती रजा घेऊन बायकामुलांसह कोठे जायचे असते, हे मात्र मला माझ्या बायकोने शिकविले.

आम्ही ठरविले ते मराठवाड्यातल्या मोठ्या शहरी जायचे. मलिक अंबराने ते वसविले तेव्हा नाव खडकी. त्याच्या मुलाच्या वेळी फतेहनगर. १६५३ नंतर औरंगाबाद. आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. रात्रीची एस.टी. धरली. २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले असल्याने मायलेकी अर्ध्या भाड्यात आणि आम्ही बापलेक पुऱ्या भाड्यात, यावरून वाटेत बरीच थट्टा झाली.

कालव्यांचे शहर म्हटले म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इटलीतले व्हेनिस येते किंवा हॉलंडातले ॲम्स्टरडॅम. तेथे घरापुढे पाणी आणि पाण्यावर नावा. आपल्या महाराष्ट्रातही नहरींचे एक जुने शहर आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कारण तेथल्या नहरी जमिनीखाली आहेत. पाहुणा दरवाजे पाहतो, मकबरा पाहतो, वेरूळला जातो आणि परततो. ज्या पाण्यामुळे हे शहर उभे राहिले त्याच्या डोक्यावरून तो चालत गेलेला असतो.

या पाण्याचा कर्ता मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात असे करीत तो बगदादेवरून दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा स्वतःही एके काळचा गुलामच होता. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुलवत ठेवले, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे सारे शाळेच्या पुस्तकात येते. मला विशेष वाटते ते हे, की १६१० साली खडकीला राजधानी केल्यावर त्याने पाण्याचा विचार केला. ज्याने परक्याच्या ताब्यात तहानेने दिवस काढले असतील, त्याला पाण्याची किंमत निराळी सांगावी लागत नसावी.

त्याची रीत अशी होती. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्यांच्या पायथ्याला मुरते. ते मुरलेले पाणी जमिनीखाली बांधलेल्या दगडी नाल्यात झिरपू द्यायचे आणि नाल्याला बेताचा उतार देऊन शहरापर्यंत आणायचे. मोट नाही, रहाट नाही, पंप तर त्या काळी नव्हताच. उन्हाने पाणी आटत नाही, शत्रूला सहज दिसत नाही. वाटेत ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली असत. त्यांतून आत हवा जाई आणि गाळ काढायला माणूस उतरे. शहरात आल्यावर हौदांतून आणि मातीच्या नळांतून पाणी वस्तीवस्तीत फुटे. यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. तिच्यामागून इतरांनीही नहरी केल्या; त्यांपैकी एक पाणचक्कीची.

पाणचक्की आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की १७४४ च्या सुमाराची. हर्सूलच्या बाजूने काही मैल मातीच्या नळांतून आलेले पाणी एका उंच भिंतीत चढते आणि तेथून हौदात कोसळते. पाणी वर कसे चढते, असे मुलाने विचारले. तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याला चांगले समजावून दिले. नळाचे उगमाकडचे तोंड या भिंतीहून उंच आहे. बंद नळातले पाणी आपली उंची गाठायला पाहते, म्हणून ते चढते. त्याच पाण्याच्या जोराने खालचे पाते फिरे आणि पात्याबरोबर जाते. यात्रेकरू, फकीर आणि गोरगरीब यांच्यासाठी येथे पीठ निघे. हौदाच्या खाली दालन आहे आणि डोक्यावर पाणी असल्याने ते भर उन्हात थंड असते.

मी हे यंत्र कौतुकाने पाहत होतो. आमचे कुटुंब मात्र त्या दगडाकडे फार वेळ टक लावून राहिले. त्यांचे माहेर दारव्ह्याकडचे. घरात नऊ माणसे आणि पहाटे तीनला उठून दळणारी एकटी आई. मला त्या म्हणाल्या, "माह्या मायच्या खांद्याचं दुखणं या पाण्यानं उचललं असतं." मग म्हणाल्या, "अडीचशे वर्षांआधी लोकाइले हे माहीत व्हतं, तं आमच्या गावात काऊन नाही आलं?"

सभ्य गृहस्थहो, कामगार चळवळीवरची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. यंत्र कोणासाठी, हा त्यांतला मोठा प्रश्न. तो इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणत्याही पुस्तकात आढळला नाही.

तिसऱ्या दिवशी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. तेथल्या दरवाजावर दोन नावे कोरली आहेत: शिल्पकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. खर्चाचा आकडाही सांगतात, सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. सात आण्यांपर्यंत हिशेब राहिला. पण ज्यांनी दगड वाहिले, चुना मळला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव राहिले नाही. दोन कारागिरांची राहिली, हेच त्या काळाच्या मानाने पुष्कळ म्हणायचे.

वेरूळला मला मात्र एके ठिकाणी बरे वाटले. सारे लोक कैलासाकडे धावतात, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी डोंगर माथ्याकडून खाली कोरीत आणलेले असे लेणे दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. पण दहाव्या लेण्याला लोक विश्वकर्म्याचे लेणे किंवा 'सुतार झोपडी' म्हणतात. तेथे दगडाच्या छताला लाकडी वासे असावेत तसे वासे कोरले आहेत. आत बुद्धाची भव्य मूर्ती आहे, तरी गावच्या माणसांनी लेण्याला नाव दिले ते सुताराचे. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, इथे तुमची युनियन दिसते." आम्ही सारे हसलो.

आता सहलीतला न दाखविला जाणारा भाग सांगतो. आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या मागे एक वस्ती होती. प्रत्येक दारापुढे निळे पिंप, प्रत्येक गच्चीवर टाकी. चौकशी करता कळले, की नळ कित्येक दिवसांनी एकदा येतो आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली एक बाई कामावर जात नाही. शहराचे पाणी आता जायकवाडीहून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून, विजेच्या जोरावर उपसून आणतात. पाणी आहे, धरणही मोठे आहे. ते घरापर्यंत पोचविण्याचे काम मागे पडत गेले. या वस्तीच्या खालून किंवा आसपास कोठून तरी जुनी नहर गेली असेल. कोणी तिच्यावर पाया घातला, कोणी विवर बुजविले, कोठे नळ फुटला, कोठे झाडाची मुळे शिरली. आजच्या एवढ्या मोठ्या शहराची तहान नहरींनी भागली असती, असा माझा मुळीच दावा नाही. पण ती जी थोडी तहान भागवीत होती, तीही आपण राखली नाही. दगड मोडकळीस आला म्हणून नहर मेली, हे मला पटत नाही. वर्षाच्या वर्षाला आत उतरून गाळ काढणारा माणूस ज्या दिवशी कोणाच्या हिशेबात राहिला नाही, त्या दिवसापासून ती मरू लागली.

आणि येथे मला घरची आठवण झाली. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर आपले यवतमाळ कसे जगत आले, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात आपण काय सोसले, हे येथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. त्याच साली जिल्ह्यातल्या एका दुसऱ्या गावी, आमच्या संघटनेचा सभासद असलेल्या एका व्हॉल्व्हमनला लोकांनी रस्त्यात धरून मारले. पाणी आले नाही म्हणून मारले. धरणात पाणी नव्हते, हा त्याचा अपराध नव्हे. पण व्हॉल्व्हची चावी त्याच्या हातात दिसे, म्हणून तोच सापडला. मी त्याला भेटायला गेलो. डोक्याला टाके पडलेले. तो दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा कामावर गेला, कारण तो कंत्राटी होता आणि खाड्याचा पगार कापला जाई. मी त्याला विचारले, शेवटची रजा केव्हा घेतलीस? तो म्हणाला, लग्नात, दोन दिवस, बिनपगारी.

ती रजा अकरा वर्षांपूर्वीची होती.

पाणचक्कीच्या हौदाकाठी मुलांना पोहे देताना मला हा माणूस आठवला आणि घास गोड लागेना. मी तेथे बसलो तो कोणाच्या जोरावर? लोखंड्यांपासून आजवर ज्यांनी रजेसाठी मार खाल्ला, दंड भरला, त्यांच्या. आणि माझ्या गावचे पाणी त्या वेळी कोण सोडीत होता? ज्याला ती रजा अजून मिळालेली नाही, तो. मी कुटुंबाला हे बोलून दाखविले. त्या म्हणाल्या, "मंग सहल कराची नाही असं नाही. त्यालेही कराले भेटली पाह्यजे असं म्हना."

तेच मी आज म्हणण्यासाठी उभा आहे. सहली करू नका असे सांगणारा मी नव्हे. जरूर जा, नहरींचे शहर पाहा, मुलांना पाणी भिंतीत कसे चढते ते दाखवा. पण परत आल्यावर दोन गोष्टी करा. आपल्या आळीत पाणी सोडणारा माणूस कोण, त्याचे नाव काय, तो कायम आहे की कंत्राटी, हे विचारून घ्या. आणि त्याला आठवड्याची सुटी व वर्षाची पगारी रजा मिळावी असा अर्ज घेऊन आमची मंडळी तुमच्या दारी येतील, तेव्हा त्यावर सही करा. कामगारांच्या सह्या आमच्यापाशी पुष्कळ आहेत. नळाखाली घागर धरणाऱ्यांच्या सह्या नाहीत, आणि त्याच नसल्यामुळे अर्ज आजवर दप्तरात पडून राहतो.

त्या व्हॉल्व्हमनला मी पाणचक्कीचा फोटो नेऊन दाखविला. त्याने तो जवळ धरून नीट पाहिला आणि विचारले, "येथची चावी कोन फिरवते जी?" मी म्हणालो, येथे चावी नाही, उतार आहे. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, पोरांना घेऊन एकदा पाहायचे आहे.