रक्ताची साक्ष



शिरूर-दौंडकडे घोड-भीमेच्या काठी ऊस उभा आहे आणि घरोघरी जनावरे आहेत. तेव्हा गोचीड म्हणजे काय, हे आपणांस सांगणे नको. पण गोचिडीपासून व तिच्या जातकुळीतील किड्यांपासून माणसालाही ताप येतात. ते ओळखण्यासाठी रक्त तपासले, तर ते रक्त केव्हा खरी साक्ष देते, एवढाच आजचा विषय आहे.

अमेरिकेतील लाइम गावावरून नाव पडलेला लाइम रोग घ्या. आपल्याकडे तो विरळाच. त्याचा जंतू १९८२ साली विली बर्गडॉर्फर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. नेहमीची तपासणी जंतू शोधीत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसांत 'दोष नाही' असा कागद हाती आला, तरी रोग असू शकतो. कातडीवर पसरत जाणारे तांबडे वर्तुळ दिसले, तर तिकडचे डॉक्टर रक्ताची वाट न पाहता औषध सुरू करतात.

आपल्या जवळचा रोग म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. गवता-झुडपांतील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याची अळी चावते. पुष्कळदा तेथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. सर्वांनाच धरते असे नाही. याचीही प्रतिपिंडे साधारणपणे पहिला आठवडा सरता सरता दिसू लागतात. तिसऱ्या दिवशीच्या कागदावर विसंबून रोगी घरी बसला, तर फुप्फुसे, मूत्रपिंडे बिघडून तो दगावू शकतो. डॉक्सिसायक्लिनसारखे साधे औषध वेळेवर मिळाले, तर बहुधा तो बरा होतो.

उलट, गोचिडीपासूनच होणाऱ्या माकडतापात पहिल्या दिवसांत रक्तात विषाणूच सापडतो. प्रतिपिंडे मागाहून येतात. १९५७ साली कर्नाटकात हा विषाणू ओळखणारी संस्था आपल्या पुण्याचीच. आज ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गकडेही हा ताप आढळला.

तात्पर्य, तपासणी कोणती करायची हे तापाचा दिवस ठरवितो. म्हणून आपण होऊन प्रयोगशाळेत जाऊन 'सगळे तपासा' म्हणू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: ताप कोणत्या दिवशी आला, त्याआधी दोन-तीन आठवडे शेतात, गवतात वा रानात कोठे वावरलात, आणि अंगावर खपली किंवा चट्टा आहे काय. काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा नीट पाहा. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा रक्त मागितले, तर कुरकुरू नका. दोन नमुन्यांतील वाढ हाच पुष्कळदा पक्का पुरावा असतो.

साक्षीदार खरा असला, तरी त्याला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारावा लागतो. रक्ताचेही तसेच आहे.