तंबाखूचं कर्ज
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या पंचवीस वर्षांत पाणी, लिफ्ट आणि पार्किंग यांवर आपण जनरल बॉडीत भरपूर भांडलो. आज पूनम सागरच्या कित्येक घरांत असलेला, पण सभेत कधी न आलेला विषय घेतो: तंबाखू.

मी डॉक्टर नाही, बँकवाला आहे. मला तंबाखू कर्जासारखी दिसते. निकोटिन मेंदूत पोचलं की डोपामाइन सुटतं आणि बरं वाटतं. रोजच्या सवयीने मेंदूला त्याची गरज लागते. मग थोडा वेळ तंबाखू मिळाली नाही की चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. पुन्हा चिमूट लावली की हलकं वाटतं. ते सुख नव्हे. हप्ता भरल्याची तात्पुरती सुटका. मुद्दल तसंच राहतं. म्हणूनच वैद्यकशास्त्र याला नुसती वाईट सवय न म्हणता आजार म्हणतं.

आमच्या शाखेतल्या एका कॅशियरनी तीनदा तंबाखू सोडली, तीनदा परत धरली. लोक म्हणत, "मनाचे कच्चे." अहो, मनाचा कच्चा माणूस तीस वर्षं एका पैशाचा फरक न पडता कॅश सांभाळेल का? पुढे त्यांचं तोंड उघडेना, तेव्हा परळच्या टाटा हॉस्पिटलला नेलं. पेन्शन काही त्यांच्या नशिबी आलं नाही.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर न काढता तंबाखू घेणारे प्रौढ सुमारे २४ टक्के, तर ओढणारे जेमतेम ४ टक्के आहेत. म्हणजे जिन्यातली 'नो स्मोकिंग'ची पाटी आपल्याला पुरणार नाही. चुना लावून मळलेली तंबाखू, मावा आणि आपल्या आयाबायांची मशेरी, सगळं त्यातच आलं. मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे, भाजलेली तंबाखूच.

आनंदाची गोष्ट म्हणजे यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांची तंबाखू सोडवण्यासाठी उपचारांची पहिली मार्गदर्शक सूचना काढली. समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो, असं त्यात सांगितलं आहे. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण ते बबलगमसारखं सतत चघळायचं नाही. हळू चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं. व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो.

घरच्यांना माझी विनंती आहे. त्या दिवसांत माणूस चिडला तर उलट बोलू नका, तो आजाराचाच भाग आहे. पुन्हा धरली तर "वाटलंच होतं" असा टोमणा मारू नका. बहुतेकांना सोडायला अनेक प्रयत्न लागतात. कर्ज थकलं म्हणून चांगली बँक खातेदाराला हाकलत नाही. हप्ते नव्याने बांधून देते.

केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. नोटीस बोर्डावर हा नंबर कायमचा लावावा, असा माझा प्रस्ताव आहे. आपले वॉचमन, ड्रायव्हर आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांनाही तो सांगा. वाटल्यास शेजारी बसून फोन लावून द्या.

प्रस्तावाला अनुमोदन मिळेल, अशी आशा आहे.