गोळी आपल्या मनाने थांबवू नये



आम्ही शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. परंतु घरी जे भोगले ते सांगतो. आमच्या अम्मींना संधिवातासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या होत्या. सूज उतरली, त्या हिंडूफिरू लागल्या. दीड महिन्याने ‘आता बरे आहे’ असे म्हणून आम्हीच गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, ग्लानी आली, रक्तदाब उतरला. इस्पितळ गाठावे लागले.

कारण तेथे कळले. मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा जीवनावश्यक स्राव निर्माण करतात. तीनचार आठवडे गोळी चालली की त्या सुस्तावतात. त्यांना पुन्हा कामाला लागण्यास अवधी हवा. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवितात.

औषध गुणकारी खरेच. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन प्रथम वापरले. १९५० साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. परंतु याच जातीच्या गोळ्यांनी साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, रोगजंतूंशी झुंजण्याची शक्ती घटते.

म्हणून गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यावी. ताप आल्यास किंवा उलटीने गोळी पोटात न टिकल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रियेपूर्वी गोळ्यांची माहिती द्यावी. रोजा वा उपवास धरण्याआधी विचारावे. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या पुन्हा आणू नयेत.

अम्मी वाचल्या. आमची चूक एका घरी जरी टळली, तरी हे बोलणे सार्थकी लागले.