कर्जाची विवंचना आणि शिक्षकाचे आरोग्य
(शिक्षक संमेलन, म्हसळा येथील भाषण)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. म्हसळा व श्रीवर्धन तालुक्यांत घरांची कौले उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पाऊस तोंडावर होता. ज्या शिक्षकाचे घर उघडे पडले, त्याला अर्जविनंत्यांस सवड कोठली? अशा वेळी मनुष्य सावकाराकडे वळतो.

शेकडा तीन रुपये हा दर ऐकावयास लहान वाटतो. पन्नास हजारांवर दरमहा दीड हजार, म्हणजे वर्षाला अठरा हजार. आणि मुद्दल जसेच्या तसे! वर्गात सरळव्याज शिकविणारालाही निकडीच्या वेळी हा हिशेब सुचत नाही, आणि यात त्याचा दोष थोडा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी सुगीपूर्वी व सुगीनंतर घेण्यात आली. तेच शेतकरी हातात पैसा नसताना कमी पडले. विवंचना बुद्धी नष्ट करीत नाही, ती तिला गुंतवून ठेवते.

पुढे झोप उडते, रक्तदाब वाढतो, आणि खर्च वाचावा म्हणून औषधाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. घरी कोणास सांगावयाचे नाही, हा तर पुरुष शिक्षकांचा विशेष हट्ट! गुरुजी अलीकडे लवकर चिडतात, हे मात्र मुख्याध्यापकांच्या आधी चौथीच्या मुलांना कळते.

सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी वा घरासाठी अग्रिम काढता येतो. त्यानंतर आलेल्या बहुतेकांना तो निधी नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत तीन वर्षांनंतर, ठराविक कारणांसाठी, स्वतःच्या वर्गणीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. नव्या शिक्षकाच्या खात्यात ती कितीशी भरणार? मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, त्यामागे हीच काळजी होती. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्तीही आधी पदरचे पैसे घातल्यावरच होते; म्हणून रुग्णालयाची मूळ देयके जपून ठेवावीत.

शिक्षकांच्या पतपेढीचे व्याज सावकाराहून पुष्कळ कमी असते. परंतु सहकाऱ्याला जामीन राहताना भिडेखातर सही करू नये; त्याचा हप्ता थकला तर वसुली जामीनदाराकडून होते.

आणखी एक गोष्ट. लग्नापूर्वी वडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन अनेकांच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे तसेच राहते. या महिन्यात प्रत्येकाने आपले सेवापुस्तक उघडून ते पान पाहावे आणि बदल करावयाचा असल्यास अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी.