मदतीला आलेल्यांची चूल

पूर आला की चर्चा होते ती होड्यांची, ब्लँकेटांची, शिध्याच्या पाकिटांची आणि पंचनाम्यांची. मदतीला आलेली माणसं रात्री कुठं पाठ टेकणार, कुणाच्या चुलीवरचं जेवणार, हे मात्र कुणी विचारत नाही. होईल काहीतरी सोय, असं सगळेच धरून चालतात. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरला असं धरून चालणं परवडणारं नाही, कारण हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. नद्या चढल्या की आतल्या गावांचे रस्ते नाल्यांपाशी तुटतात, काळ्या मातीत चाक रुततं आणि बाहेरून आलेली मदत महामार्गावरच्या गावातच थांबते. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांनी अतिवृष्टी पाहिली. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीनं वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं होतं. दोनशेच्या वर माणसं गेली. गावातली पोरं आहेतच की, बाहेरचे हवेत कशाला, असं कुणी म्हणेल. पहिल्या रात्री गावातली पोरंच धावतात, हे खरं. पण त्यांच्याही घरात पाणी शिरलेलं असतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायचा, विहिरी साफ करायच्या, मेलेली जनावरं पुरायची. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्याला बाहेरचे हात लागतातच.

माझं म्हणणं असं, की मुक्कामाला आलेल्या स्वयंसेवकांनी एका छपराखाली, एका चुलीवर, स्वतःचा शिधा घेऊन आणि स्वतःच्या हातानं रांधून राहावं. गावकऱ्यांच्या घरी राहू नये आणि पूरग्रस्तांच्या निवाऱ्यातही राहू नये. यावर पहिला आक्षेप येतो तो प्रेमाचा. दारी आलेला माणूस वेगळी चूल मांडतो, यात गावाचा कमीपणा वाटतो. भावना खरी आहे, पण चार पाहुणे ठेवणाऱ्या घरात पाणी कोण भरतं आणि पोळ्या कोण लाटतं, हेही पाहायला हवं. शिवाय ज्या ओसरीवर आपण जेवतो, तिथूनच आपल्याला गाव दिसू लागतं. मदतीची यादी त्या घरापासून सुरू होते, त्या गल्लीत रेंगाळते आणि गावकुसाजवळच्या वस्तीपर्यंत पोचताना उशीर झालेला असतो. कुणी मुद्दाम करत नाही. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्या घरांचं पटलं नाही, त्यांच्या नजरेतून हे सुटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचंही तसंच. तिथं आधी बेघर झालेली कुटुंबं येतात. मदतकार्याचे जगभर मानले जाणारे निकष सांगतात, की सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागं किमान एक शौचालय हवं, पुढं २० माणसांमागं एक. आपल्या शाळांमधली शौचालयं मोजा आणि त्यात पंचवीस स्वयंसेवकांची भर घाला, म्हणजे रांगेत कोण ताटकळणार ते कळेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोकांनी दिलेला पैसा आपद्‌ग्रस्तांसाठी आहे, तो स्वयंसेवकांच्या जेवणावर का जावा? याचं उत्तर वर्ध्याशी नातं असलेल्या एका माणसानं नव्वद वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीचे हिशेब जे. सी. कुमारप्पांकडं होते. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाकाठी तीन आणे, एवढाच खर्च त्यांनी मंजूर केला होता. गांधीजी पाटण्याला आले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या मंडळींचं दूध-फळं या मर्यादेत बसेना. हा खर्च निधीतून मिळणार नाही, असं कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितलं आणि गांधीजींनी ते मान्य केलं. त्याच वर्षाअखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले. या प्रसंगाकडं आपण काटकसरीचा किस्सा म्हणून पाहतो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. कुमारप्पांनी स्वयंसेवकाला उपाशी ठेवलं नाही. त्याचा खर्च मान्य केला आणि त्याला सगळ्यांना दिसेल अशी मर्यादा घातली. एक चूल असेल तरच अशी मर्यादा पाळता येते. दहा घरी विखुरलेल्या जेवणाचा हिशेब होत नाही. तो गावाच्या डब्यांतून गुपचूप वजा होतो.

तिसरा आक्षेप तरुणांचा असतो: एकत्र राहायचं म्हणजे आश्रम आला, घंटा आली, व्रतं आली. सेवाग्राम आणि पवनार जवळ असल्यानं वर्धा जिल्ह्यात ही धास्ती जरा जास्तच. पण हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथं शहरातली मुलंमुली मे महिन्याच्या उन्हात कुदळ घेतात आणि एका पंगतीला बसतात. तेव्हा नियम कुणाला पळवून लावतात, हे काही खरं नाही. अर्थात छावणी ठरवून भरते, पूर सांगून येत नाही आणि गाळ उपसून आलेला माणूस चिडलेला असतो. म्हणून नियम थोडेच हवेत, पण ते दमलेल्या शरीराला धरून हवेत. झोपेची पाळी ठरलेली असावी. चिखलाचे बूट बाहेर राहावेत. पायाला जखम असेल त्यानं त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस झालेला स्वयंसेवक म्हणजे दवाखान्यातली आणखी एक खाट. मुलींची खोली वेगळी असावी, तिला आतून कडी असावी आणि शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. स्वयंपाकाची पाळी मुलांनाही चुकू नये. नाहीतर गाळ काढायला आलेल्या मुली चुलीपुढं अडकतात आणि संध्याकाळी आभार मुलांचे मानले जातात.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात आणि मंगल कार्यालयं रिकामी पडतात. नेमका तोच काळ पुराचा. तिथं मोठी भांडी असतात, सतरंज्या असतात, पाण्याच्या टाक्या असतात. या कापसाच्या मुलखात जिनिंगची शेडंही दसरा-दिवाळीपर्यंत बहुतेक बंदच असतात. मालक पूर आल्यावर ऐनवेळी नाही म्हणू शकतो, भाडं मागू शकतो. म्हणून ही बोलणी १ मेच्या ग्रामसभेत व्हावीत. जागा उंचावरची आहे ना, छप्पर गळतं का, विजेचं बिल आणि मोडतोड कुणी भरायची, हे त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यावं. कुलपाच्या दोन किल्ल्या कराव्यात, एक मालकाकडं आणि दुसरी ग्रामपंचायतीत; कारण पूर रात्रीही येऊ शकतो, आणि मालक तेव्हा नागपूरला असू शकतो.